दम

शिरोलीच्या फाऊंड्रीत नवी भट्टी बसवायला लुओ आला,
तेव्हा बाबालाल शिकलगारांची शेवटची पाळी
अकरा दिवसांवर होती.

चाचांनी साच्यात वाळू ठासली,
तळहातानं थोपटली,
तान्ह्याचा ढेकर काढतात तशी.
मग सायकलची स्पोक घेऊन टोचत गेले.
इथं. इथं. तिथं नाही.

लुओ गुडघ्यावर बसून बघत राहिला.
म्हणाला, म्हणजे त्याचा मोबाईल बाईच्या आवाजात म्हणाला,
"माझे आजोबा माणसांना असेच टोचत."

कशासाठी?
मोबाईल अडला.
आधी म्हणाला वायू, मग राग, मग हवामान,
मग नुसताच फिरत राहिला.
लुओनं तो खिशात कोंबला
आणि सांडलेल्या काळ्या वाळूत बोटानं काढलं:
वर आडव्या रेघा,
शेवटची खाली वळून शेपूट उचललेली,
तिच्या कुशीत एक चांदणी.
रेघांवरून हात वर उडवला: वाफ.
चांदणीला शिवून घास घेतल्याची खूण केली: तांदूळ.
आता शाळेत चांदणी गाळतात म्हणे,
नुसती वाफ शिकवतात.
आजोबा भातासकट लिहायचे.

जेवणाच्या सुट्टीत मोबाईल पुन्हा बाहेर.
त्यांच्याकडं माणूस चिडतो त्यात तोच शब्द,
पाहुण्याशी अदबीनं वागतो त्यात,
आभाळ आज कसंय त्यात,
आणि मरतो तेव्हा तुटतो, तोही तोच.
बिडात अडकून राहिलेल्या हवेचं भोक,
ज्याच्यापायी अख्खी कास्टिंग भंगारात जाते,
त्याच्याही नावात तोच.

"मग दमच की हा," चाचा म्हणाले
आणि खोकायला लागले.
चाळीस वर्षांची वाळू.
एक्स-रे मी बघितलाय,
छातीभर पांढरे ठिपके.
वाट ठेवायची राहून गेली.

आता लुओला कसं सांगायचं,
सुपरवायझर देतो तो दम,
जिन्यावर लागतो तो दम,
पगार लांबला की धरायचा तोही दमच?

शेवटच्या दिवशी चाचांच्या घरनं टेम्पोतनं
कणकेनं तोंड लिंपलेला हंडा आला.
चाचांनी उलथन्यानं कणीक फोडली,
झाकण सरकलं,
आणि लुओ ताडकन उठून दोन्ही बोटांनी दाखवायला लागला,
वर, खाली, वर, खाली.
पोरं हसली. मी नाही हसलो.

संध्याकाळी स्पोक माझ्या हातात देऊन
चाचा केएमटीत चढायला गेले.
दुसऱ्या पायरीवर थांबले.
कंडक्टर ओरडला, "आवरा की वो!"
"थांब रं," चाचा म्हणाले, "दम खातो जरा."

लुओनं पिशवी धरून माझ्याकडं बघितलं.
मी घास घेतल्याची खूण केली.
त्यानं मान हलवली,
यात न कळण्यासारखं काहीच नसावं तशी,
आणि तोही थांबला.