पंचवीसनंतर

मे महिन्यात लोखंडी शिडीला हात लागत नाही.
हत्तुरे सर म्हणतात, लावा.
आग काय सावली बघून लागते का बे?

अक्कलकोट रोडला, बंद सूतगिरणीच्या आवारात आमचं कॉलेज:
पत्र्याच्या दोन खोल्या, एक टाकी,
एक म्हातारा बंब.
तो ढकलून चालू करायला आम्ही बत्तीस जण,
त्यात मुली तीन.

होज गुंडाळायला दोन दिवस गेले,
गाठींना आठवडा.
गाठींत मी पहिली आले.
विडीला दोरा मी सहाव्या वर्षापासून बांधते,
हे कुणाला सांगितलं नाही.

सरांचा डावा कान वितळून बसलाय
मेणबत्तीच्या बुडासारखा.
टॉवेलचा कारखाना होता, एवढंच सांगतात.
"सुताचा गठ्ठा बाहेरून विझतो, येमूल.
आत तिसऱ्या दिवशीपण चालू असतो.
दारालासुद्धा आधी पालथा हात लावायचा,
आई पोराचा ताप बघते तसा."
मग बराच वेळ काही बोलले नाहीत.
टाकीवर एक कावळा पाणी पीत होता.

मंगळवारी प्लॅस्टिकचा माणूस आला.
पाय नाहीत, कंबरेशीच संपतो.
पोरांनी त्याला मामा म्हणायला सुरुवात केली.
मामाच्या छातीवर तळहात, कोपरं ताठ,
दोन इंच खाली, तीस वेळा,
मग दोन श्वास, मग पुन्हा तीस.

पंचवीसला माझे हात उचलले गेले.

"अजून पाच! का थांबलीस?"
पुन्हा. एक, दोन, तीन…
पुन्हा पंचवीसला हात वर.
तिसऱ्या खेपेला सगळी बॅच हसली.
शेवटी सांगितलं, सर, आमच्या घरी
पंचवीसला कट्टा बांधतात.

पूर्व भागातली पोरं हसायची थांबली.
गुंडेटी स्वतःच्या अंगठ्याकडं बघत राहिला.
सर म्हणाले, "पडलेल्या माणसाला
कट्टा ठाऊक नसतो. चल, पहिल्यापासून."

रात्री विडी घरकुलात अम्माला सांगितलं.
तिनं मांडीवरचं सूप बाजूला सारलं,
कात्री उशाशी ठेवली
आणि फरशीवर सरळ आडवी झाली.
कर, म्हणाली. बघू दे मला.

जित्या माणसावर करत नाहीत अम्मा, बरगडी मोडते.
मग नुसता हात ठेव.

ठेवला.
तळहाताखाली तिचा खोकला जागा होता,
चाळीस वर्षांच्या तंबाखूचा.
मी दाबलं नाही. ती मोजत गेली,
ओकटी, रेंडु, मूडु,
झोपेतही चुकणार नाही असा तिचा वेग.
सरांना हवा त्यापेक्षा थोडा जास्तच.

इरवै ऐदु.
थांबली. तिची बोटं हवेत
दोरा शोधू लागली.

अजून पाच, अम्मा.

डोळे न उघडता तिनं विचारलं,
"ते पाच कुणाचे?
ब्रँचवाला छाटीत काढतो, त्यातले?"

पत्र्यावर दिवसभराचं ऊन अजून तडकत होतं.
मी हात तसाच ठेवला
आणि मोठ्यानं म्हणाले,
सव्वीस.