पेन्सिलीनं

डिलिव्हरी चलनाच्या पाठीवर आकडे मांडलेत,
पेन्सिलीनं, म्हणजे खोडता येतील.
स्कूटी पंचेचाळीस देते, फोंडा घाटात चाळीस धरू.
मालवणात सुलभाच्या नणंदेचा माळा,
रात्रीचे चारशे, अंघोळीचं गरम पाणी वेगळं.
जेवण एकदाच. दुसऱ्या वेळी घरची भाकरी नि ठेचा,
तो तीन दिवस टिकतो, माझ्यापेक्षा चिवट.

स्कूबाचे दोन हजार.
हा आकडा मात्र पेनानं लिहिलाय.

बाबालाल टर्नर लेथवरून मान न उचलता म्हणाला,
"दोन हजार? रंकाळ्यात फुकट बूड की गं."
सगळं शॉप हसलं, मीपण.
दुसऱ्या दिवशी स्कूटीचे ब्रेक नवे.
पैसे विचारले तर म्हणाला, "वर आलीस की दे."

पाठीला डबा बांधून वडणग्याच्या विहिरीत पोहायला शिकले.
पाणी हिरवं, दाट.
तळ कसा असतो ते कुणी बघितलंच नव्हतं,
गाळ काढणाऱ्यांनी सोडून.

शुक्रवारी पहाटे निघायचं. कानटोपी, दोन स्वेटर.
परित्यापर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागं रांगत,
नाकात मळीचा वास,
आणि पुढं दाजीपूरचं धुकं, त्याला पैसे पडत नाहीत.

बेरीज नऊशेनं चुकतेय.
जेवणातून कापीन, माळ्यातून कापीन.
खाली हवा मोजून देतात म्हणे,
तिथं काटकसर नको.

परत एकदा वरपासून बघते.
परतीचं पेट्रोल धरलेलंच नाही.

पेन्सिल कुठाय?