साच्यातलं अक्षर

कॅम्पातल्या रुझार लोबोच्या भट्टीत
बिडाचे बारा साचे होते, विलायतेहून आलेले.
प्रत्येकाच्या एका कुशीला आतून
उलटी अक्षरं.
पाव निघाला की ती सुलटी व्हायची.
कुठल्या तरी गिरणीचं नाव, रुझार म्हणायचा.
कुठल्या, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

मी अकरा वर्षांचा. सायकल कैची मारून चालवायचो.
पांढरे पाव टोपलीत खाली, सत्तर-ऐंशी,
आणि वर, वेगळ्या फडक्यात,
चार तपकिरी.
त्यांचा वास वेगळा. ओल्या पोत्याचा, भाजल्या धान्याचा.

गहू अथणीकडची खपली, सालासकट दळलेली.
त्यात घालायचा काळा पाक बोटीनं यायचा,
तो यायचा बंद झाला तेव्हा
रुझारनं संकेश्वरच्या गुऱ्हाळातली काकवी ओतली
आणि हेझलबाईला सांगितलं नाही.

हेझलबाई मिलिटरी इस्पितळातली नर्स,
सगळे गेले तेव्हा मागे राहिलेली.
पाव उपडा करून बुडाला टिचकी मारायची,
कानाशी धरायची,
रिकाम्या घागरीसारखा वाजला तरच पैसे.
एकदा म्हणाली, हल्ली अगदी घरच्यासारखा लागतो.
मी चप्पल बघत उभा राहिलो.

त्यातला एक पाव पडून मोडला, तो घरी नेला.
आईनं कुस्करून बघितला.
"कोंडा की रे हा! म्हशीला घालतोय आपण.
साहेबलोक पैसे मोजून खातात काय?"
म्हशीनं खाल्ला.
दूध तेवढंच दिलं.

पुढे दुकानाची पाटी तीनदा बदलली.
एका रात्री एका भाषेवर डांबर,
दुसऱ्या वर्षी दुसऱ्या.
ज्यांनी फासलं त्यांतला एक
सकाळी पाव घ्यायला आला, नखांत काळं घेऊन.
रुझारनं नखांकडे बघितलं,
सुटे पैसे परत दिले, एक पैसा जास्तच,
आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

रुझार गेला. त्याचा पोरगा वास्कोला.
भट्टी माझ्याकडे आली, भाड्याच्या थकबाकीसकट.
अकरा साचे तडकले, भंगारात गेले.
उरलेला एक मी घासून घासून
त्याच्या कुशीत एकच अक्षर ठेवलंय.
बाकीचं नाव
कुणाकुणाच्या पोटात गेलं असेल.

आता आई ब्याऐंशीची. साखर तीनशेवर.
डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं: ब्राऊन ब्रेड.
आई खोकला येईतो हसली.
"म्हणजे मी आता म्हैस."

मग रोज संध्याकाळी तो एका साच्यातला एक पाव,
काकवी न घालता, तिच्यासाठी.
ती बशीत घेते, शेंगाची चटणी, वर तेलाचा थेंब,
कापलेला तुकडा मला परत करते
आणि हातानं मोडून खाते.
सुरी लावलेलं तिला गोड लागत नाही.

परवा शेजारची शिवलीला आली, होसमनींची नात.
पहिलीत आहे, दिसेल ते वाचते,
गॅसची टाकी, औषधाची पुडी, माझ्या बनियनचं लेबल.
पावाच्या कुशीवर बोट फिरवून म्हणाली,
"सोन्नी."
मी म्हटलं, सोन्नी नव्हे गं, ते ओ आहे, इंग्रजी.
"नाही. सोन्नी. आमच्या बाईंनी शिकवलंय."
आमचं जरा वाजलंच.

आई, जिला सही येत नाही,
चष्मा नसताना पुढे वाकली.
त्या गोल रेघेवरून अंगठा फिरवला, सावकाश,
काठाकाठानं, थापताना फिरवतात तसा.
"भाकरी हाय की," म्हणाली,
आणि तेवढाच तुकडा मोडून
पोरीच्या हातावर ठेवला.

पोरीनं खाल्ला. तोंड वाकडं केलं.
"अज्जी, मीठ कमी आहे."
खरंच कमी होतं.
काकवी बंद केल्यापासून माझा अंदाज चुकतोय.
उद्या अर्धा चमचा जास्त.