उसवण

चैत्रात वीस मिलिग्रॅम होते.
श्रावणात साडेबारा, दसऱ्याला दहा.
आता साडेसात, म्हणजे पाचची एक अख्खी
आणि एक अर्धी,
जी मी काजं कापायच्या ब्लेडने चिरते
कापडाच्या टेबलावर, खडूच्या रेघेशेजारी.
चुरा उरतो, तो बोटाने टिपून घेते.
चिंधी कापडातली टाकतात, औषधातली नाही.

चराईतल्या आमच्या इमारतीला लिफ्ट नाही.
अडतीस पायऱ्या. बाविसावीवर डावा खुबा बोलतो.
मी मीटरच्या पेटीवर हात ठेवून थांबते,
कुणी पाहिलंच तर
रीडिंग बघतेय असं वाटावं.

सकाळ सगळ्यात वाईट.
आधी कूस, मग कोपर, मग दिगंबरचा खांदा.
तो झोपेतच पुढे करतो.
सत्तावीस वर्षांत एवढं एकच
न सांगता शिकला.

पहिली गोळी जादू होती.
तिसऱ्या दिवशी मी जांभळी नाक्यावर जाऊन
अस्तर आणि हुकांची पाकिटं घेऊन
न थांबता वर आले.
मग चेहरा गोल व्हायला लागला.
मानेमागे मांस.
रात्री दोनला फ्रिजच्या उजेडात
उभ्याने थंड आमटी-भात.
माझेच ब्लाउज मी दोनदा सैल केले.
आईने शिकवलेलं कामाला आलं:
आत दीड इंच सोड,
बाईचं अंग एका मापात राहत नाही.

हेमांगी गद्रे फिटिंगला आली,
म्हणाली, "तब्येत छान सुधारली हो!"
तोंडात टाचण्या होत्या म्हणून बरं.

डॉक्टर म्हणाल्या होत्या, उतरायचं ते हळू.
तुमचं शरीर स्वतःचं बनवायला विसरलंय,
त्याला आठवायला वेळ द्या.
एकदम बंद करू नका, कुणी काही सांगो.
सांगणारे पुष्कळ.
मालूताईंकडे निर्गुडीचं तेल आहे,
नणंदेकडे केरळचा पत्ता.

साडेसातच्या नवव्या दिवशी खुबा फिरला.
मशीनवर पाय दाबला की जांघेतून कळ
गुडघ्यापर्यंत, सरळ, धावदोऱ्यासारखी.
रात्री हात ड्रॉवरमध्ये गेला.
वीसची जुनी पट्टी. चार उरलेल्या.
एक घेतली की उद्या मी चालेन,
हे मला ठाऊक होतं,
तिलाही.
बराच वेळ ती हातात होती.
मग दिगंबरला उठवून म्हटलं, लपव.
त्याने निरांजनाच्या डब्यामागे लपवली.
मला सकाळीच कळलं.
गेले नाही तिकडे.

खुब्याचा एमआरआय काढला.
अर्धा तास हलायचं नाही, कानात ठकठक.
मी मनात परकर बेतत होते,
बारा कळ्या, मग सोळा.
हाडाला रक्त पोचतंय, म्हणाल्या.
सांध्याला नुसती सूज आहे.
तो "नुसती" मी घरी आणला
पाव किलो पेढ्यांसारखा.

आणि पुन्हा दहा लिहून दिलं.
म्हणजे दिवाळीपासूनचं फुकट? मी विचारलं.
त्या चष्मा पुसत राहिल्या.
उत्तर मला रिक्षात सुचलं.
बाही ओढली जाते म्हणून
कुणी ब्लाउज फेकत नाही.
ओढ जिथवर, तिथवरच उसवायचं,
एकेक टाका, घाईने कापड फाटतं.
पुढच्या महिन्यात एक दिवस दहा,
एक दिवस साडेसात.
भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खडूने लिहून ठेवलंय.

संध्याकाळी कचराळी तलावाला एक फेरी,
काठी घेऊन.
मुठीला मी मखमल शिवली, मोरपंखी,
गद्रेबाईंच्या बाहीतून उरलेली.
अर्ध्या वाटेवर बाक लागतो.
काल तिथे एक मुलगी बसली होती,
मला पाहून उठली. "बसा ना आजी."

एकावन्नाव्या वर्षी आजी.
बसले.
ती पाठमोरी निघाली तेव्हा
सवयीने खांद्याचं माप घेतलं डोळ्यांनी.
साडेतेरा.
डावा किंचित उतरता.