केळ

तीन नंबरच्या खोलीत बटाट्याला डोळे फुटले
तेव्हा पारा चारावरून नवावर गेला होता.
मालक म्हणाले, गॅस कमी पडलाय, भरा.
कंपनीचा माणूस पुण्याहून फोनवर म्हणाला,
एक्स्पान्शन व्हॉल्व्ह गेला, नवा पाठवतो.
बिल सोबत.

मी कडोलीची. आयटीआय होऊन दोन महिने.
कंग्राळी रोडवरच्या कोल्ड स्टोरेजात
अमोनियाने झोंबणारे डोळे पुसत
दर तासाला आकडे उतरवायचे, एवढंच काम.
गेजवर इंग्रजी, स्विचबोर्डावर कन्नड, वहीत मराठी.
माझं कन्नड बाजारापुरतं:
एष्टु. बेडा. फार झालं तर, स्वल्प कमी माडरी.

बडिगेर मिस्त्री उद्यमबागेतून एम-एटीवर आले.
हत्यारांची पिशवी दाराशीच ठेवली
आणि पाइपवर हात टेकवला, उलटा.
म्हणाले, चटका बसला तर बोटं मिटतात.
सुलटा हात पाइपालाच धरून बसतो.

बर्फ बघितला.
व्हॉल्व्ह अडला असता तर गळ्याशीच पांढरा
आणि पुढची कॉइल कोरडी ठणठणीत.
जास्तीचं सोडत असता तर बर्फ चालत चालत
कॉम्प्रेसरच्या अंगावर आला असता.
इथे सगळीकडे सारखा, पातळ, कंटाळलेला.
"हे बिचारं काय केलंय?" मिस्त्री म्हणाले
आणि पुण्याच्या माणसाचा विषय संपला.

मग काटे. सक्शनचा चढलेला, डिस्चार्जचा उतरलेला.
गॅस कमी असता तर दोघेही खाली बसले असते.
मालकांचाही विषय संपला. ते मात्र तिथेच उभे होते.

लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक सिलिंडरच्या हेडवर,
मूठ कानामागच्या हाडाला.
"केळ, यव्वा."
म्हणजे ऐक, एवढं मला कळलं.
पहिला सिलिंडर: टक, टक, टक. नव्या कुलपासारखा.
दुसरा: टक, आणि मागून बारीक फस्स.
पुढचा दात पडलेलं पोर 'शाळा' म्हणतं तसं.
परत ऐकलं. परत 'शाळा'.

सक्शन बंद करून दाब उतरवला, यंत्र थांबवलं.
काटा खाली होता तिथेच राहायला हवा.
मी घड्याळ लावलं.
चाळीस सेकंदांत तो वर आला,
बंद दारातून, मागच्या मागे.

मला वाटलं, आता पाना.
मिस्त्री उठले आणि गेटकडे चालू लागले.
सातेरीमामा तिथे तंबाखू मळत बसलेले,
अकरा वर्षं रात्रपाळी, कधी यंत्रघरात पाऊल नाही.
अर्धं कन्नड, अर्धं मराठी, दोघांचं काय चाललं कोण जाणे.
शेवटी मामा म्हणाले,
"गुरुवारी रात्री लाइट गेली, आली, परत गेली, आली.
मशीन घण घातल्यागत ठोकलं एकदा.
तवापास्नं आवाज फाटकाच येऊलालाय.
मला कोण इचारलंय?"

हेड उघडलं. दुसऱ्या सिलिंडरची डिस्चार्ज प्लेट,
कडेला नखाएवढा टवका उडालेला.
परत चालू होताना पातळ गॅस आत आला असणार,
तो दाबला जात नाही, काहीतरी फोडतो.
नवी प्लेट घातली. सीट मात्र मीच घासली,
काचेवर पेस्ट लावून, आठाच्या आकड्यात,
दुपारचं जेवण चुकवून,
गोल राखाडी रेघ कुठेही न तुटता जुळेपर्यंत.

बुधवारी खोली चारावर आली.
पुण्याचा व्हॉल्व्ह शुक्रवारी आला.
अजून खोक्यात आहे, फळीवर, बिलासकट.

जाताना मी विचारलं,
केळ म्हणजे ऐक, तर 'विचार'ला काय म्हणता?
मिस्त्री किक मारत होते, एम-एटी ऐकत नव्हती.
"ते पण केळच की."

आता माझ्याकडे पोरं येतात शिकायला,
खिशात मोबाइल, त्यात दाबाचे सगळे तक्ते.
पिशवी उघडू लागली की मी थांबवते.
आधी गेटवर जा म्हणते.
दोन चहा घेऊन जा.