एकोणतीस अंश बाकी

तोक्योहून आलेल्या पुस्तकात
मेदाकाचं अंडं अकराव्या दिवशी फुटतं.
पान एकतीस, रंगीत चित्र,
खाली बारीक अक्षरात: पाणी पंचवीस अंश.

ते बारीक अक्षर आमच्या अओमोरीला लागू नाही.
इथं जूनमध्ये समुद्रावरून यामासे सुटतो,
भाताची रोपं जागच्या जागी आखडतात,
आणि पाचवीची सात मुलं
स्वेटर घालून भिंगावर वाकतात.

मासा केवढा? शिवायच्या सुईएवढा.
अंडं त्या सुईच्या नेढ्यातून जेमतेम जाईल.
सातव्या दिवशी आत दोन काळे ठिपके उमटले.
"बाई, हा आपल्याकडे बघतोय," तोकुमा म्हणाला.
मग काळीज दिसलं, लुकलुकणारं.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग तोकुमानंच विचारलं, यात बाबा माशाचं काम काय?
अभ्यासक्रमात स्पष्ट लिहिलंय:
फलनाच्या आधीचं शिकवायचं नाही.
मी म्हटलं, भिंग नीट फिरव.

तेराव्या दिवशी, शुक्रवारी, घटक चाचणी.
पुढे ढकलायला वेळापत्रकात जागा नव्हती.
प्रश्न चौथा: किती दिवसांनी पिल्लू बाहेर येतं?
सहा जणांनी लिहिलं, अकरा.
सहाही जणांच्या पाठीमागे, खिडकीत,
तेरा दिवसांची अंडी. मिटलेली.

मिनोरीनं लिहिलं: अजून एकोणतीस अंश बाकी.
बाजूला खोडून खोडून केलेली बेरीज,
सतरा, सोळा, अठरा, पुन्हा सतरा,
रोज सकाळी तापमापीवरून टिपलेली,
एकूण दोनशे एकवीस.
तिचा काका साल्मनच्या हॅचरीत कामाला आहे.
तो म्हणतो, अंडं दिवस मोजत नाही, ऊब साठवतं.
मेदाकाचे अडीचशे भरावे लागतात.
हे तिला मी शिकवलेलं नाही.

आमच्याकडे बरोबरला गोल,
चुकीला तिरकी खूण,
अर्धवटाला त्रिकोण.
छापील उत्तरांत गोल फक्त अकराला.
मी त्रिकोणाची एक रेघ ओढली
आणि चहा गार होईपर्यंत बसून राहिले.
मग त्याच रेघेला वळवून गोल केला.
बटाट्यासारखा झाला.
बाकीचे सहा गोलही तसेच ठेवले.
त्यांनी पुस्तक वाचलं होतं, त्यांची काय चूक?

शनिवार-रविवार शाळेला कुलूप.
सोमवारी बघतो तर पाण्याच्या अगदी वरच्या थरात
नऊ काचेचे धागे लटकलेले,
प्रत्येकाच्या पोटाशी शिदोरीची पुरचुंडी.
वेळापत्रकात नवा धडा होता, वादळं.
मी फळ्यावर शब्द लिहून वळले
तर मागे बाक रिकामे, सगळे खिडकीशी.

मिनोरी एकटी वही उघडून बसलेली.
दोन रकाने कोरे होते.
"बाई," ती म्हणाली,
"नेमके कधी भरले ते आता कळणार नाही."
आणि तिनं त्या दोन रकान्यांत
काहीच लिहिलं नाही.