दोन शब्द

मंडळ म्हणालं, अर्लीनबद्दल दोन शब्द बोल.
तिच्याकडे तरी कुठे जास्त होते, एकतीस वर्षांत?
सेफ. आउट.
बॉल आणि स्ट्राइक धरले तर चार.

कागद खिशात आहे, घामाने मऊ झालेला.
त्यावर लिहिलंय : निःस्वार्थ सेवा, समर्पण, वगैरे.
ते त्या ढालीवर कोरलेलंच आहे,
वासिलिकमधलं एक अक्षर गाळून.

मला सांगायचंय तिच्या ब्रशबद्दल.
दोन बोटं रुंद, केस झडत आलेला.
इनिंग सुरू होण्याआधी ती होमप्लेटशी वाकायची
मैदानाकडे पाठ करून, तोंड आमच्याकडे
(लोकांना पाठ दाखवायची नाही, हा त्यांच्यातला रिवाज)
आणि ती पाच कोनांची पांढरी पाटी
घराचा उंबरठा पुसावा तशी पुसायची.
मग आम्ही तिला शिव्या द्यायला मोकळे.

सकाळी ती ब्रॅम्बल लेकच्या शाळेची बस चालवायची,
उणे तीसमध्येसुद्धा, वेळेवर.
उन्हाळ्यात संध्याकाळी निळा शर्ट, छातीला पॅड, तोंडावर जाळी.
बसमध्ये तिला गुड मॉर्निंग म्हणणाऱ्या पोरांचे बाप
कुंपणाला लटकून तिच्या चष्म्याचा नंबर विचारायचे.
मीही विचारायचो. मोठ्यांदा.

सामन्याला पंचवीस डॉलर, एक बर्गरचं कूपन.
पेट्रोल स्वतःचं.
डास फुकट.

सोळा वर्षांचा कोडी त्या वर्षी नवा अंपायर झाला होता.
दुसऱ्याच सामन्यानंतर निळा शर्ट घडी करून
मंडळाच्या दारात ठेवून गेला.
आमच्यातल्या कुणीच विचारलं नाही, का.
त्याचे सामनेही मग अर्लीननेच केले.

तर, तो जुलै.
कनोला पिवळा पेटलेला, एलेव्हेटरच्या सावल्या
पार सेंटरफील्डपर्यंत आलेल्या.
शेवटची इनिंग, एका धावेचा फरक.
माझी नॅडीन तिसऱ्या बेसवरून निघाली, घसरली,
धूळ उठली, धुळीत एक ग्लोव्ह, एक हात,
आणि वर अर्लीनची वळलेली मूठ.
आउट.

मी काय ओरडलो ते सांगत नाही, इथे मुलं आहेत.
ती वळली नाही.
हातातलं क्लिकर शून्यावर आणलं,
कॅचरच्या खांद्यावर थोपटलं, चालू लागली.

मी मागोमाग गेलो. भांडायलाच.
पार्किंगमध्ये ट्रकच्या फळीवर बसून ती
डाव्या हाताने बुटाची नाडी सोडत होती. सुटत नव्हती.
उजव्या खांद्यावर बर्फाची पिशवी.
चौथ्या इनिंगमध्ये फाउल बॉल लागलेला, गळ्याच्या हाडावर.
ते हाड मोडलंय हे दुसऱ्या दिवशी कळलं.
त्याच हाताने तिने मूठ वर केली होती.

मी खाली बसलो. नाडी सोडली.
दुसऱ्या बुटाचीही.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग तीच म्हणाली,
"तुला कुंपणावरून नक्की दिसलं?"
हो म्हणालो.
"नशीबवान आहेस," ती म्हणाली,
"मला दोन हातांवरून दिसलं, तरी पुरतं नाही दिसलं.
पण कुणीतरी काहीतरी म्हणायला हवं ना,
नाहीतर अंधार पडेपर्यंत
सगळी तिथेच, धुळीत, उभी राहिली असती."

एवढंच मला आज वाचायचं होतं. कागदावर नाही ते.
हॉलमध्ये बायकांनी पेरोगी केल्यात, केक आहे,
मेयरसाहेब टाय लावून आलेत,
आणि अर्लीन घड्याळाकडे बघतेय.
तीन नंबरच्या मैदानावर साडेसहाचा सामना,
अंपायर आलेला नाही.

माझा घसा साफ होईतो
तिने ढाल माझ्याच हातात दिली, सांभाळ जरा म्हणून,
आणि वाकडा गुडघा ओढत निघाली,
मागच्या खिशात ब्रश.

आम्ही सगळे पाठोपाठ. केक तसाच.

तिने प्लेट पुसली, आमच्याकडे तोंड करून.
जाळी खाली ओढली.
पहिलाच चेंडू. स्ट्राइक.
कुंपणापाशी कुणीतरी तिच्या चष्म्याचा नंबर विचारला.

या वेळी मी नव्हतो.